उमऱ्याला आलोच आहोत तर

“गाडी कुठं लावलीत?” मुलाच्या आईने मला विचारलं.

सलाम-दुआ झाली होती, खुर्च्या सरकवून झाल्या होत्या, माझी मुलगी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, आणि बाईंचा पहिला प्रश्न हा. मी म्हटलं, “बसने आलो.” त्यांना वाटलं, हॉस्पिटलची बस असेल. मी म्हटलं, “नाही, शहराची. सध्या फुकट आहे.” त्यांनी आपल्या बहिणीकडे बघितलं, बहिणीने कॉफीच्या कपात बघितलं, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती घरी पोचेपर्यंत उतरली नाही. मक्केत तेव्हा नव्या बसेस नुकत्याच धावायला लागल्या होत्या. आता तिकीट लागतं, पण तेव्हा चाचणी चालू होती म्हणून कोणीही चढा, कुठेही उतरा. थंडगार, स्वच्छ गाड्या, आणि अख्खं शहर त्यांत बसत होतं. नमाजाला हरमला, म्हणजे काबाच्या मोठ्या मशिदीत, निघालेले म्हातारे, हॉटेलांत चादरी बदलणारी पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. त्यांच्यात आम्ही मायलेकी, स्वतःला दाखवायला निघालेल्या. या बाईंना त्या बसची लाज वाटली. त्या स्वतः रियाधहून आल्या होत्या त्या मुलाच्या कंपनीने फुकट दिलेल्या गाडीतून, आणि हे त्यांनीच पुढच्या पाच मिनिटांत मोठ्या अभिमानाने सांगितलं.

मी मूळची रायगडच्या किनाऱ्यावरची. लग्नाआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. वर्गासमोर उभं राहून बोलायची सवय लागली ती, घरच्यांच्या मते, अजून गेलेली नाही. आमचे हे हरमजवळच्या एका मोठ्या हॉटेलात मेंटेनन्स सुपरवायझर आहेत. लिफ्ट बंद पडली, एसी गळायला लागला की यांचा फोन वाजतो, आणि मक्केत यात्रेकरू नाहीत असा दिवस उगवत नाही. मुलगी आमची एकुलती. नर्सिंग मुंबईला केलं, आणि इथल्या एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या विभागात लागली. स्वतःच्या इकाम्यावर राहते, म्हणजे राहण्याचा परवाना तिच्या स्वतःच्या नोकरीवर आहे, बापाच्या नाही. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दोनदा सांगते.

तर ती सव्वीस वर्षांची झाली आणि गावाला झोप येईना. आमच्या गावची जमात, म्हणजे गावकऱ्यांची संघटना, आखातातल्या प्रत्येक शहरात आहे. प्रत्येक शहराचा मोबाइलवर ग्रुप आहे, आणि प्रत्येक ग्रुपवर कोणाची तरी चाची स्थळं जुळवत बसलेली असते. एकदा त्या ग्रुपवर ‘मक्का, नर्स’ एवढे दोन शब्द पडले आणि आमचा फोन वाजायचा थांबेना. मला आधी वाटलं, मुलीची किंमत कळली लोकांना.

मुलगी बघायला घरी येणं म्हणजे आमच्यात अर्धा होकार. घरात पाणी प्यायलं, शेवयांचा चमचा तोंडात घातला, की दुसऱ्या दिवशी गावात बातमी. म्हणून इकडच्या मंडळींनी सोय काढली आहे, कॉफीच्या दुकानात भेटायचं. तेही कुठल्याही नाही. तपकिरी पाटीची एक कंपनी आहे, तिच्या शाखा मक्केच्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर आहेत. सगळीकडे तेच राखाडी सोफे, तीच कुंडीतली प्लास्टिकची झाडं, तोच कोरडा खजुराचा केक. कुठली शाखा हे ठरवायचा मान मुलाकडच्यांचा. त्यांच्या हॉटेलला जवळ पडेल ती. आम्ही अझिझियात गेलो, शौकियात गेलो, कुदईला गेलो. एकदा तर पार शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर, कारण मुलाकडच्यांना तिथूनच परत जेद्द्याला निघायचं होतं आणि उलटं शहरात यायचा त्यांना कंटाळा होता. ह्यांची ड्युटी, मला गाडी चालवता येत नाही, मुलीने लायसन्स अजून काढलेलं नाही. म्हणून बस. दोन बसेस बदलून, अबायाला इस्त्री करून, आम्ही जायचो. आणि पोचल्यावर प्रत्येक घरचं वाक्य एकच: “उमऱ्याला आलोच आहोत, तर म्हटलं मुलगी पण बघून घेऊ.”

उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा, वर्षात कधीही करता येते. लोक त्यासाठी जन्मभर तळमळतात. आणि ही माणसं काबाभोवती तवाफाच्या फेऱ्या मारून, केस कापून, दुपारी माझ्या मुलीला बघायला यायची, जाता जाता खजूर आणि नमाजाला अंथरायचे जानमाज घेतात तशी. मला तळपायाची आग मस्तकात जायची. माझी मुलगी बघायची असेल तर मुलगी बघायला या. तिकीट काढा, फक्त तिच्यासाठी या, मग माझ्याशी बोला. हे मी एकदा ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, “आपण मुलीकडचे हावो.” एवढंच. जणू तो एखादा आजार आहे.

आणि विचारायचे काय? रियाधच्या अल मलाझमध्ये राहणाऱ्या आणखी एका घरची बाई. मुलगा अकाउंटंट, सगळा वेळ फोन उलटा-सुलटा करत बसलेला. बाईंनी मुलीला शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं नाही. मला विचारलं, “तुमचं घर हरमपासून किती लांब?” जेद्द्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, गच्ची आहे का, रमझानमध्ये आठ-दहा माणसं झोपू शकतील का. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मक्केत सोयरीक म्हणजे अख्ख्या खानदानाची राहण्याची सोय. आधीच आमच्या घरात पलंगाखाली गाद्यांची चळत असते आणि कोणाची तरी बॅग दारात. गावचा माणूस उमऱ्याला आला की आमच्याकडेच उतरतो, आणि मी नाही म्हणत नाही, अल्लाहचे पाहुणे आहेत. पण माझी मुलगी म्हणजे त्या गाद्यांवरची उशी नाही.

एका मुलाने तिला नाक मुरडून विचारलं, “पुरुष पेशंटना पण हात लावायला लागतो?”

ती म्हणाली, “सुई दुरून लागत नाही.”

मला तिथेच तिचा मुका घ्यावासा वाटला.

नकार यायचे, त्याचं मला दुःख नव्हतं. पण ते कसे यायचे, ते सांगते. कोणीही सरळ म्हणायचं नाही की मुलगी सावळी वाटली, की तिचं बोलणं आगाऊ वाटलं, की घरी गच्ची नाही. सगळ्यांचा निरोप एकच: “इस्तिखारा बरोबर आला नाय.” इस्तिखारा म्हणजे मोठा निर्णय घ्यायच्या आधी दोन रकात नमाज पढून अल्लाहकडे मागायचं, की यात भलं असेल तर होऊ दे, नसेल तर माझं मन तिकडून वळव. मी स्वतः करते, रडून करते. तो बंदा आणि त्याचा रब यांच्यातला मामला. त्याचा या लोकांनी निरोप्या करून ठेवला आहे. एका घरचा नकार तर आम्ही बसमधून उतरायच्या आत आला. मी ह्यांना म्हटलं, विचारा त्यांना, इस्तिखारा कुठे केला, कॉफीच्या बिलाच्या आधी की नंतर? ह्यांनी विचारलं नाही. ह्यांनी उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्या सगळ्यात चांगलं काही असेल तर ती बस. मुलगी सकाळची ड्युटी करून यायची, घरी तोंड धुवायची आणि माझ्याबरोबर निघायची. बोगद्यात शिरलो की तिचं डोकं माझ्या खांद्यावर. जागी असली की पेशंटच्या गोष्टी सांगायची. आठवड्यातून तीनदा येणारे म्हातारे, जे तिची ड्युटी नसली की सुई टोचून घ्यायला कुरकुर करतात. दूरदेशाहून उमऱ्याला आलेले किडनीचे रुग्ण, ज्यांची भाषा हिला येत नाही आणि हिची त्यांना, पण चार तास हात हातात. एकदा ती मला म्हणाली, “अम्मी, मेरी एक ही शर्त है. हे काम सोडायला नाही सांगायचं. बाकी तो कसा पण असू दे, आय विल मॅनेज.” मी म्हटलं, कसा पण का असू दे? तर हसली. पण शर्त तीच राहिली. मला ती पटली होती, आणि प्रत्येक भेटीत मी ती पहिल्या दहा मिनिटांत टेबलावर ठेवायचे.

मग खमीस मुशैतचं, पार दक्षिणेकडच्या डोंगराळ शहरातलं, स्थळ आलं. मुलगा तिकडे एका एअरकंडिशनिंग कंपनीत सुपरवायझर, घरचे मूळचे आमच्याच तालुक्यातले. कुदईच्या शाखेत भेटलो. मी आत शिरतानाच चिडलेली होते, कारण बाहेर ऊन आणि बस चुकलेली. पण हा मुलगा उठून उभा राहिला. ट्रे स्वतः घेऊन आला. त्याच्या आईने डोंगरातला मध आणला होता, तो मुलीच्या हातात दिला, माझ्या नाही. मी शर्त सांगितली. त्या म्हणाल्या, “काम करू दे की! शिकलेली पोर घरात कशाला बसवायची?” आणि मुलाने माझ्या मुलीला विचारलं, मशीन चालू असताना पेशंट काय बोलतात? त्याचे दादा, म्हणजे आजोबा, तीन वर्षं डायलिसिसवर होते, म्हणाला, ते मशीनवर असताना फक्त आंब्यांबद्दल बोलायचे. मुलगी हसली. मग बोलत राहिली. मला इतक्या शाखांमध्ये पहिल्यांदा असं झालं की कॉफी थंड झाली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती झोपली नाही. खिडकीतून बघत होती. बोगदा संपला तशी म्हणाली, “त्याने पेशंटबद्दल विचारलं, अम्मी. आजपर्यंत कुणीच नव्हतं विचारलं.”

चार दिवसांत होकार आला. इस्तिखारा बरोबर आला होता. ह्यांनी हॉटेलात मिठाई वाटली, गावी माझ्या मोठ्या दिरांना फोन केला, दिरांनी जमातीच्या ग्रुपवर टाकलं, आणि तासाभरात दुबई, कुवेत, दोहा सगळीकडून मुबारक. मी पण खूश होते, खोटं कशाला बोलू. मधाची बाटली मी फडताळात पुढे ठेवली होती.

तारीख ठरवायला पुन्हा भेटायचं ठरलं, या वेळी नुझहाच्या शाखेत. ह्यांना सुट्टी मिळाली नाही. मी म्हटलं, तारीखच तर ठरवायची आहे. आम्ही दोघी बसने गेलो. समोर मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामांचा गावाकडे उमरा टूर्सचा धंदा. कोकणातून ग्रुप आणतात, त्या वेळी पण ग्रुप घेऊनच आलेले. गोड माणूस, प्रत्येक वाक्याला माशाअल्लाह. तेच बोलत होते. लग्न झालं की मुलीने मक्केतच राहायचं, म्हणाले. हरमजवळ फ्लॅट बघितला आहे. मुलगा खमीसला राहील, महिन्यातून दोनदा येईल. मी म्हटलं, ठीक आहे, तिची नोकरी इथेच आहे, आपण बोलू.

“नोकरी नाय हो,” मामा म्हणाले. “नोकरी सोडायची. इकामा नवऱ्याच्या नावावर करून घेऊ. पण काम तेच! आमच्या ग्रुपमधी म्हातारी माणसं येतात, शुगरवाले, किडनीवाले. घरातली नर्स असली की लोक बिनघोर येतील. फ्लॅटवर उतरतील, दवापाणी होईल, दोन घास गरम मिळतील. अल्लाहच्या पाहुण्यांची खिदमत. यासारखा सवाब कुठं?”

मुलाची आई मान हलवत होती. मला म्हणाली, “तुमीच बोललाव ना, काम नाय सोडायचं.”

म्हणजे बघा. माझीच शर्त घेऊन ती माझ्याच गळ्यात बांधली. माझ्या मुलीने घर चालवायचं, स्वयंपाक करायचा, अनोळखी माणसांना सुया टोचायच्या, आणि हे सगळं कोणाच्या तरी धंद्यासाठी, फुकट, वर पुण्य म्हणून. आणि नवरा महिन्यातून दोनदा. जेद्द्याच्या त्या गृहस्थांनी निदान गच्ची मागितली होती. या लोकांनी पोरगीच मागितली, आणि तिची वाटणी आधीच करून आले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

तिने मुलाकडे बघून विचारलं, “तुला माहीत होतं?”

तो गोंधळला. “म्हणजे काय... मामू बोललेत ते बरोबरच आहे ना. तुला पेशंट आवडतात. तू बोललीस ना?”

“हां. हॉस्पिटलचे.”

“पेशंट तर पेशंटच ना?”

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तेच मला आजतागायत छळतं. लबाड असता तर मी त्याला तिथेच सोलून काढला असता. त्याला खरोखर वाटत होतं की त्याने तिच्या मनासारखं करून आणलं आहे.

“माझे पेशंट मला हॉस्पिटलने दिलेत,” ती म्हणाली. “तिथे डॉक्टर आहेत. कुणाचं बीपी पडलं तर मी एकटी नसते. तुमच्या फ्लॅटवर कुणी मेलं तर कोण उत्तर देणार? मी?” मग मामांकडे वळून, आवाज न चढवता: “चाचा, तुम्हाला स्टाफ पाहिजे. स्टाफ ठेवा.”

आम्ही उठलो. मामा म्हणाले, “अगो बाय, बस तरी.” आम्ही बाहेर आलो. बसथांबा नेमका दुकानाच्या काचेसमोर. आणि बस येईना. आत ते तिघे बसलेले, आमच्याकडे बघत. बाहेर आम्ही दोघी त्यांच्याकडे पाठ करून उभ्या. मी रागाने बोलत सुटले होते. मी काय काय बोलले ते मला सगळं आठवतही नाही. मुलगी काहीच बोलली नाही. बस आली तेव्हा ती खिडकीशी बसली आणि मी पूर्ण वाटभर बडबडत राहिले.

ह्यांना घरी सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला.  मग म्हणाले, “चूक त्यांचीच हाय. पण गावभर मुबारक झालीय. सांगून टाक, इस्तिखारा बरोबर आला नाय. कुणाला वाईट नाय वाटणार.”

इतकी वर्षं संसार केला, पण त्या दिवशी मी ह्यांच्यावर ओरडले तशी कधी ओरडले नव्हते. मी म्हटलं, त्यांनी अल्लाहला पुढे करून माझ्या पोरीला नाकारलं, आता मी पण तेच करू? धंदा मामाचा, नकार माझ्या मुलीचा, आणि नाव अल्लाहचं? शेजारच्या सुदानी बाईने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. हे म्हणाले, “लोक बोलतील, मुलीने मोडलं.” मी म्हटलं, मुलीनेच मोडलं आहे.

आणि लोक बोललेच. दिरांनी महिनाभर फोन उचलला नाही. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, नोकरीवाल्या मुलींची डोकी फिरलेली असतात. त्यानंतर दोन वर्षं झाली, एक स्थळ आलेलं नाही. उमऱ्याला येणारे मात्र येतात, गाद्या पसरतात, माझ्या हातचं जेवतात आणि मुलीला बघून मान दुसरीकडे करतात. त्यांना मी अजून वाढते, पण आधी चपात्यांवर तूप घालायचे, ते आता घालत नाही.

तो नकाराचा फोन मीच केला होता. नुझहाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. मुलाच्या आईने उचलला. मी म्हटलं, “हे लग्न नाही होणार. मुलीला नको आहे.”

“मुलीला?” त्या म्हणाल्या. मग समजुतीच्या सुरात, “म्हणजे इस्तिखारा...”

“इस्तिखारा नाही. मुलीला विचारलं. मुलगी नाही म्हणाली.”

पलीकडे कोणी तरी काही पुटपुटलं. बाई म्हणाल्या, “मग आमी लोकांना काय सांगायचं?”

“हेच सांगा,” मी म्हटलं आणि ठेवून दिला.

 माझी छाती भरून आली होती. इतक्या शाखा, इतके केक, इतके खोटे निरोप, आणि शेवटी एकदा कोणीतरी या जमातीत खरं बोललं होतं, आणि ती मी होते. मी वळले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुपारच्या ड्युटीचा युनिफॉर्म अंगात, केस अजून ओले. मला वाटलं, आता येऊन गळ्यात पडेल.

“तू बोललीस, मला नको आहे,” ती म्हणाली.

“मग? तूच तर...”

“मला ते काम नको होतं, अम्मी. तो हवा होता.” तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “सेम थिंग नाहीये ते. तू दोन्ही एकत्र बोललीस.”

मी म्हटलं, तू तिथे काही बोलली नाहीस, बसमध्ये एक शब्द बोलली नाहीस.

“तू बोलत होतीस ना,” ती म्हणाली.

ती खाली बसली आणि बूट घालायला लागली. नाडी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा तिने नीट बांधली. दाराशी जाऊन तिने विचारलं, “त्याला हे आता कोण सांगणार?” आणि ती ड्युटीला निघून गेली.